मसुदा यंत्राचा, सही माणसाची
आरोग्यसेवेतील लेखन आणि जनरेटिव्ह एआय : एक अभ्यास

आरोग्यसेवा म्हटली की दवाखाना, डॉक्टर, सुई आणि औषधाची बाटली एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु रुग्ण दवाखान्याची पायरी चढल्यापासून घरी परत येईपर्यंत जे काही घडते त्याचा फार मोठा भाग कागदावर घडत असतो. केसपेपर, तपासणीचा रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी, ऑपरेशनपूर्वीचे संमतीपत्र, मोठ्या रुग्णालयाकडे पाठविताना दिलेले पत्र, डिस्चार्ज कार्ड, विम्याचा अर्ज हे सारे लेखनच होय. चुकीची गोळी दिली तर अपाय होतो, हे सर्वांना पटते. गोळीविषयीचे वाक्य चुकीचे लिहिले तरी तोच अपाय होतो, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले आणि लेखनाचे काम करणारे यंत्र सामान्य माणसाच्या हातात आले. आज इंग्रजीतील डिस्चार्ज कार्डाचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि 'याचा मराठीत अर्थ सांग' असे लिहायचे, एवढ्यावर काम भागते. आपल्या सभासदांमध्ये परिचारिका आहेत, आशा सेविका आहेत, प्रयोगशाळेत व औषधाच्या दुकानात काम करणारे आहेत. शिवाय घरोघरी असा एखादा विद्यार्थी असतोच की ज्याच्या हातात वडीलधारी मंडळी दवाखान्याचा कागद देतात आणि म्हणतात, "बघ रे, काय लिहिलंय." या सर्वांना उपयोगी पडावे या हेतूने हा विषय येथे मांडला आहे.

लेखाचा मुद्दा एका वाक्यात असा सांगता येईल : मसुदा यंत्राने करण्यास हरकत नाही; परंतु रुग्णाच्या हाती जाणारे प्रत्येक वाक्य मूळ कागदाशी ताडून पाहणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस असलाच पाहिजे. तो नसेल तर मजकुराचा सुबकपणाच धोक्याचा ठरतो.

१. हे यंत्र लिहिते कसे?

जनरेटिव्ह एआय म्हणजे नवा मजकूर, चित्र वा आवाज निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. यातील लेखन करणाऱ्या प्रकाराला लँग्वेज मॉडेल म्हणतात. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना प्रसिद्ध केली. आजची बहुतेक मॉडेल्स त्याच पायावर उभी आहेत.

त्यांचे काम थोडक्यात असे चालते. पुस्तके, लेख, संकेतस्थळे यांतील प्रचंड मजकूर मॉडेलला पुरविला जातो. मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून, एका तुकड्यानंतर दुसरा कोणता तुकडा येण्याची शक्यता अधिक, हे ते शिकते. आपण प्रश्न विचारला की ते एकेक तुकडा जोडीत उत्तर तयार करते. म्हणजे ते उत्तर एखाद्या कपाटातून काढून देत नाही, तर प्रत्येक वेळी नव्याने रचते. यामुळेच एकच प्रश्न दोनदा विचारला तर दोन निराळी उत्तरे मिळू शकतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. 'पुढे कोणता शब्द शोभेल' आणि 'या रुग्णाच्या बाबतीत खरे काय आहे' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. यंत्र पहिल्या प्रश्नात तरबेज असते. पुष्कळदा पहिल्याचे उत्तर हेच दुसऱ्याचेही उत्तर असते, म्हणून त्याचा उपयोग होतो. जेथे ही दोन उत्तरे वेगळी पडतात तेथे यंत्र न अडखळता, तितक्याच आत्मविश्वासाने, नसलेली गोष्ट लिहून जाते. यास इंग्रजीत हॅल्युसिनेशन म्हणतात, आपण त्यास भ्रम म्हणू. माणूस अंदाजाने लिहितो तेव्हा त्याची भाषा बहुधा चाचरते आणि वाचणारा सावध होतो. यंत्राची भाषा खऱ्यातही तशीच आणि खोट्यातही तशीच. अलीकडची काही साधने इंटरनेटवर शोध घेऊन, आधार दाखवून उत्तर देतात. त्यामुळे चुका कमी होतात, पण संपत नाहीत.

२. अनुभव काय सांगतो?

या साधनांचा आरोग्यसेवेतील वापर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर सुरू झाला आणि त्यावर पद्धतशीर अभ्यासही झाले. त्यांतील चार अभ्यास विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला अभ्यास एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी सार्वजनिक संकेतस्थळावर विचारलेले १९५ वैद्यकीय प्रश्न घेऊन त्यांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरे आणि चॅटजीपीटीची उत्तरे, कोणाची कोणती हे न सांगता, आरोग्य क्षेत्रातील तज्ज्ञांसमोर ठेवण्यात आली. ७८.६ टक्के वेळा तज्ज्ञांनी यंत्राचे उत्तर अधिक पसंत केले; आपुलकीच्या बाबतीतही यंत्रालाच अधिक गुण मिळाले. पण डॉक्टरांचे उत्तर सरासरी ५२ शब्दांचे होते व यंत्राचे २११ शब्दांचे, हेही ध्यानात घ्यावे. घाईतला माणूस त्रोटक लिहितो. यंत्राला घाई नसते. शिवाय उत्तरांची पारख तज्ज्ञांनी केली होती, प्रश्न विचारणाऱ्या रुग्णांनी नव्हे.

दुसरा अभ्यास आपल्या कामाच्या अधिक जवळचा आहे. न्यूयॉर्कमधील एनवायू लँगोन या रुग्णालयातील ५० डिस्चार्ज समरी यंत्राकडून सोप्या भाषेत लिहून घेतल्या गेल्या. मूळ मजकूर समजण्यास अकरावीपर्यंतचे शिक्षण लागावे इतका अवघड होता, तो सहावीच्या पातळीवर आला. हा लाभ मोठा आहे. मात्र डॉक्टरांनी हा सोपा मजकूर तपासला तेव्हा १०० परीक्षणांपैकी १८ मध्ये रुग्णाच्या सुरक्षिततेविषयी शंका नोंदविली गेली. यातील बहुतेक शंका गळालेल्या माहितीबद्दल होत्या, तर काही यंत्राने स्वतः घातलेल्या माहितीबद्दल. हा अभ्यास मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरा अभ्यास बोस्टन येथील, कर्करुग्णांच्या पत्रांसंबंधीचा. शंभर काल्पनिक रुग्णांच्या प्रश्नांना यंत्राने दिलेली उत्तरे कर्करोगतज्ज्ञांनी तपासली. निम्म्याहून अधिक उत्तरे दुरुस्तीशिवाय पाठविण्याजोगी होती. परंतु ७.१ टक्के उत्तरे तशीच गेली असती तर रुग्णाला अपाय होण्याचा संभव होता आणि ०.६ टक्के उत्तरांत मृत्यूचा धोका होता. धोक्याचे प्रमुख कारण कोणते? 'ताबडतोब दवाखान्यात या' असे जेथे ठणकावून सांगावयास हवे होते, तेथे यंत्राने शांतपणे, गोड शब्दांत सर्वसाधारण सल्ला दिला होता.

चौथा अनुभव डॉक्टर-रुग्ण संभाषण ऐकून केसपेपर तयार करणाऱ्या साधनांचा. ऑक्टोबर २०२३ पासून दहा आठवड्यांत अमेरिकेतील पर्मनेन्टे मेडिकल ग्रुपच्या ३,४४२ डॉक्टरांनी ३ लाखांहून अधिक भेटींत असे साधन वापरले. डॉक्टरांचे लिखाणाचे श्रम हलके झाले. पण काही चुकाही नोंदल्या गेल्या. एका ठिकाणी रुग्णाच्या हाताच्या, पायाच्या आणि तोंडाच्या तक्रारींविषयी बोलणे झाले, तर यंत्राने चक्क 'हँड, फूट अँड माउथ डिसीज' हा निराळाच आजार लिहिला. हात, पाय, तोंड हे तीन शब्द एकत्र आले की पुढे बहुधा त्या आजाराचे नाव येते, एवढेच यंत्राला माहीत होते. वर सांगितलेला फरक यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

या साऱ्याचा निष्कर्ष असा की, हे साधन टाकाऊ नाही आणि स्वयंपूर्णही नाही. अवघड ते सोपे करण्यात ते माणसाच्या पुढे जाते. परंतु सोपे करताना काय हरवले हे ते सांगत नाही.

३. गळती, भर आणि बदल

यंत्राच्या मसुद्यातील दोष शोधावयाचे कसे? सोयीसाठी त्यांचे तीन वर्ग करू. मुळात आहे पण मसुद्यात नाही, ती गळती. मुळात नाही पण मसुद्यात आहे, ती भर. दोन्हीकडे आहे पण सारखे नाही, तो बदल.

हे उदाहरणाने पाहू. पुढील डिस्चार्ज कार्ड अभ्यासासाठी रचलेले आहे, ते कोणा रुग्णाचे नाही. मधुमेह असलेल्या व पायाला जखम झालेल्या एका गृहस्थाला घरी सोडताना कार्डावर लिहिले आहे :

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड ६२५ मि.ग्रॅ. – टीडीएस, पीसी, ५ दिवस.
मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. – बीडी, पीसी, चालू ठेवणे.
पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. – एसओएस.
ड्रेसिंग एक दिवसाआड. ताप, पू किंवा बोट काळे पडल्यास ताबडतोब येणे. फेरतपासणी ७ दिवसांनी.

येथील संक्षेप बहुतांशी लॅटिन भाषेतून आलेले आहेत व ते प्रत्येकाने शिकून ठेवावेत असे आहेत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसी म्हणजे जेवणापूर्वी, पीसी म्हणजे जेवणानंतर आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच.

आता यंत्राकडून पुढील मसुदा आला असे समजू :

'जखमेसाठी दिलेली ६२५ ची गोळी दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्यावी. बरे वाटू लागल्यावर ती बंद करता येईल. साखरेसाठी ५०० ची गोळी दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्यावी. दुखण्यासाठी ५०० ची गोळी दिवसातून तीनदा घ्यावी. ड्रेसिंग दररोज करावे. सात दिवसांनी तपासणीस यावे. आपण लवकर बरे व्हाल!'

वाचताना मजकूर किती नीटनेटका वाटतो! परंतु बोट ठेवून ताडून पाहा. गळती तीन ठिकाणी आहे : 'पाच दिवस' गेले, 'चालू ठेवणे' गेले आणि 'ताबडतोब येणे' हा सर्वांत महत्त्वाचा इशारा गेला. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत हा इशारा हरवणे म्हणजे प्रसंगी पाय गमावणे होय. भर दोन ठिकाणी आहे : 'बरे वाटू लागल्यावर बंद करता येईल' हे डॉक्टरांनी लिहिलेलेच नाही, तरी ते त्यांच्या नावावर खपून जाईल, आणि 'लवकर बरे व्हाल' हे आश्वासन कोणी दिलेले नाही. बदलही दोन आहेत : 'गरज पडली तरच'चे 'तीनदा' झाले आणि 'एक दिवसाआड'चे 'दररोज'.

आणखी एक दोष आहे, तो सहज दिसत नाही. मसुद्यातून औषधांची नावे गेली व उरले फक्त आकडे. त्यामुळे घरात आता '५०० ची गोळी' दोन प्रकारची आहे. एक साखरेची, एक दुखण्याची. कमी दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने यांतली कोणती कधी घ्यावी? सोपे करणे म्हणजे नाव काढून टाकणे नव्हे. नाव ठेवून शेजारी त्याचे काम लिहिणे, हे खरे सोपे करणे होय.

एका शब्दाचे मोल किती असते याचे जगभर दिले जाणारे उदाहरण मेथोट्रेक्झेट या औषधाचे आहे. सांधेदुखीच्या काही आजारांत ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. 'आठवड्यातून'च्या जागी 'दिवसातून' पडले तर तेच औषध प्राणघातक ठरते, आणि अशा चुकांनी माणसे दगावलेली आहेत.

४. प्रश्न मराठीचा

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. तथापि या मॉडेल्सनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अगदी लहान. म्हणून ती मराठी लिहितात तेव्हा शब्द मराठी असले तरी विचार पुष्कळदा इंग्रजी वाक्याचा असतो.

इंग्रजी वैद्यकातील काही शब्दांना दोन अर्थ आहेत. डिस्चार्ज म्हणजे रुग्णालयातून सुटका आणि डिस्चार्ज म्हणजे स्रावही. स्टूल म्हणजे शौच आणि स्टूल म्हणजे बसण्याची चौकीही. लेबर म्हणजे प्रसूतिकळा, तसेच मजुरीही. 'निगेटिव्ह' रिपोर्ट म्हणजे शोधलेली गोष्ट सापडली नाही, म्हणजे पुष्कळदा चांगली बातमी. परंतु 'अहवाल नकारात्मक आला' असे भाषांतर वाचून घरात रडारड होऊ शकते. त्याऐवजी 'तपासणीत टीबीचे जंतू आढळले नाहीत' असे लिहिले तर कोणाचा गैरसमज होणार नाही.

उलट दिशेची अडचण याहून मोठी आहे. आपली माणसे आजार सांगतात ते स्वतःच्या भाषेत. 'मला दिवस गेले आहेत' म्हणजे ती स्त्री गरोदर आहे. शब्दशः इंग्रजी केले तर काही दिवस उलटून गेले एवढाच अर्थ उरतो आणि गरोदरपणात देऊ नये असे औषध तिला दिले जाण्याची वाट मोकळी होते. 'अंगावरून पांढरे जाते', 'बाळ अंगावर पिते', 'दुखणे अंगावर काढले' या तीन वाक्यांत 'अंगावर' तीन तऱ्हांनी येते. पहिल्यात स्राव, दुसऱ्यात आईचे दूध, तिसऱ्यात उपचार न घेता सोसणे. हाताला मुंग्या येणे, जीव घाबरा होणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटात कळ मारून येणे, ठणका लागणे, चमक भरणे यांतील प्रत्येकाचा अर्थ निराळा, आणि निदान करणाऱ्याला त्या फरकाचे मोल फार. नुसते 'पेन' लिहून सर्व एकाच पोत्यात भरले तर माहिती बुडाली.

एक शब्द चुकल्याने काय होते याचा दाखला अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९८० साली घडला. क्यूबातून आलेल्या कुटुंबातील १८ वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरच्यांनी स्पॅनिश भाषेत 'इन्टॉक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ काहीतरी खाल्लेले-प्यायलेले बाधले असा. रुग्णालयात तो शब्द इंग्रजीतील 'इन्टॉक्सिकेटेड' समजून, अमली द्रव्याचा अतिरेक धरून उपचार झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत उशीर झाला आणि त्या तरुणाचे चारही अवयव कायमचे लुळे पडले. तेव्हा हे यंत्र नव्हते. चूक माणसांची होती. पण योग्य दुभाष्याला विचारले गेले नाही, 'आपल्याला समजलेच आहे' असे सर्वांनी गृहीत धरले, हा जो दोष, तो यंत्रामुळे कमी नव्हे तर अधिक होण्याचा संभव आहे. कारण भाषांतर हाती आयते आले की दुभाषा शोधण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

येथेच आपल्या विद्यार्थ्यांचे महत्त्व आहे. रुग्णाची बोली आणि दवाखान्याची भाषा या दोन्ही ज्याला येतात, असा माणूस वस्तीत फार मोलाचा असतो. यंत्र त्याचा हात चालता ठेवील. त्याची जागा घेणार नाही.

५. गुप्तता, हक्क आणि कायदा

यंत्राला कागद दाखविणे म्हणजे तो कागद दुसऱ्याच्या संगणकावर पाठविणे होय. रुग्णाचे नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक, १४ अंकी आभा क्रमांक, केसपेपरचा नंबर हे सारे झाकूनच फोटो काढावा. त्याहून उत्तम म्हणजे आवश्यक तेवढाच मजकूर स्वतः टाइप करावा. काही आजारांच्या बाबतीत गुप्तता हा केवळ सौजन्याचा भाग नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ अन्वये, कायद्याने सांगितलेले अपवाद वगळता, कोणाचीही एचआयव्हीविषयक स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. लहान वस्तीत एक बातमी फुटली तर माणसाचे काम जाते, मुलीचे लग्न मोडते, हे आपल्याला सांगावयास नको. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत.

रुग्णाला समजेल असे सांगणे हे उपकार नसून कर्तव्य आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, धोके व अन्य पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. तसेच भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास त्याचे वैद्यकीय कागद ७२ तासांच्या आत द्यावयाचे असतात. ही मागणी करणारा अर्ज लिहिण्यास यंत्राची मदत खुशाल घ्यावी. मात्र त्यात यंत्राने एखादे कलम वा निकालाचे नाव घातले असेल तर ते खरोखर अस्तित्वात आहे काय, हे पाहिल्याशिवाय सही करू नये. नसलेले निकाल रचून देणे ही या यंत्रांची प्रसिद्ध खोड आहे.

जबाबदारी कोणाची, याविषयीही दिशा स्पष्ट होत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ साली आरोग्य क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तर जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये या मोठ्या मॉडेल्ससाठी स्वतंत्र मार्गदर्शन दिले. माणसाची देखरेख आणि उत्तरदायित्व यांवर दोहोंचा भर आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला. तेथे रुग्णाला त्याच्या उपचाराविषयी यंत्राने लिहिलेला मजकूर पाठविला तर तसे स्पष्ट लिहावे लागते आणि माणसाशी संपर्क कसा साधावा हेही सांगावे लागते. परंतु परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीने तो मजकूर वाचून तपासला असेल तर ही अट नाही. या एका तरतुदीत सारे सूत्र आले आहे. मजकूर कोणी लिहिला यापेक्षा तो कोणी वाचला, हे कायद्याने महत्त्वाचे मानले.

६. विद्यार्थ्यांनी व कार्यकर्त्यांनी वापर कसा करावा?

पहिली गोष्ट, काम निवडावे. कागदातील अवघड शब्दांचा अर्थ समजून घेणे, डॉक्टरांना विचारावयाच्या प्रश्नांची यादी करणे, विमा कंपनीस वा रुग्णालयास पत्राचा मसुदा करणे, आरोग्य शिबिराचे पत्रक लिहिणे, ही कामे यंत्राकडे द्यावीत. निदान ठरविणे, औषध सुरू वा बंद करणे, मात्रा बदलणे, ही त्याची कामे नव्हेत. छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल, श्वास लागला असेल तर मोबाईलवर प्रश्न टाइप करीत बसू नये. १०८ क्रमांकास फोन लावावा.

दुसरी गोष्ट, सूचना नेमकी द्यावी. 'सोपे करून सांग' एवढे पुरेसे नाही. पुढीलप्रमाणे लिहावे : 'खालील मजकूर सातवी शिकलेल्या माणसाला कळेल अशा मराठीत लिही. औषधांची नावे, मात्रा, वेळा आणि दिवस जसेच्या तसे ठेव. मजकुरात नसलेली कोणतीही माहिती, सल्ला वा आश्वासन घालू नकोस. जे अस्पष्ट आहे तेथे अंदाज न करता "डॉक्टरांना विचारा" असे लिही. ताबडतोब येण्याच्या सूचना सर्वांत वर ठेव.' अशा सूचनेने दोष पुष्कळ कमी होतात. तरी तपासणी टळत नाही.

तिसरी गोष्ट, ताडून पाहावे. मूळ कागद डावीकडे व मसुदा उजवीकडे ठेवून प्रत्येक औषधापुढे पाच खुणा कराव्यात : नाव, मात्रा, किती वेळा, किती दिवस, जेवणापूर्वी की नंतर. मग उलट दिशेने यावे. मसुद्यातील प्रत्येक वाक्याला मूळ कागदात जागा सापडते काय, ते पाहावे. पहिल्या फेरीत गळती व बदल सापडतात, दुसऱ्या फेरीत भर. मूळ अक्षरच लागत नसेल तर यंत्राने लावलेला अर्थ हा अंदाज समजावा आणि त्याच दवाखान्यात जाऊन विचारावे.

चौथी गोष्ट, जाणकाराला दाखवावे. सिस्टर, फार्मासिस्ट वा डॉक्टर यांपैकी कोणी एकाने तो कागद नजरेखालून घालावा. 'आम्ही हे मराठीत लिहून घेतले आहे, बरोबर आहे ना?' असे विचारण्यात संकोच कसला?

पाचवी गोष्ट, रुग्णाकडून वदवून घ्यावे. 'समजले ना?' असे विचारले की आपली माणसे भिडेपोटी 'हो' म्हणतात. त्याऐवजी म्हणावे, "आजी, आता ही गोळी तुम्ही कधी आणि कशी घेणार, ते मला सांगा पाहू." आजींनी बरोबर सांगितले तरच लेखन सफल झाले. आरोग्यशिक्षणात या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात आणि तिला यंत्र लागत नाही.

शेवटी एका प्रकारच्या लेखनाविषयी सांगणे आवश्यक आहे. गंभीर आजाराची बातमी, मृत्यूनंतर कुटुंबाला लिहिलेले पत्र, तक्रार घेऊन आलेल्या नातेवाइकाला दिलेले उत्तर येथे यंत्राचे शब्द गोड असतील, पण ते गोडपण कोणाचेच नसते. ज्याने रुग्णाची शुश्रूषा केली त्याच्या दोन साध्या ओळी अधिक मोलाच्या.

७. समारोप

ज्यांना इंग्रजी येत नाही, त्यांना आजवर स्वतःच्याच आजाराची हकिगत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती. तो कागद आपल्या भाषेत वाचण्याची सोय आता हातात आली आहे, ही लहान गोष्ट नाही. ती नाकारणे शहाणपणाचे नव्हे. पण आयती आलेली गोष्ट पारखून घेणे, हे शिकलेल्या माणसाचे लक्षण होय.

विद्यार्थी मित्रांनो, वस्तीतील एखादी आजी तुमच्यापुढे कागद धरील तेव्हा ती तुमच्या मोबाईलवर नव्हे, तुमच्यावर भरवसा ठेवत असते. यंत्राने लिहिलेले तिला वाचून दाखवा. पण त्याआधी मूळ कागद स्वतः वाचा. गळाले काय, वाढले काय, बदलले काय, हे तीन प्रश्न विचारा. या तिन्हींचे उत्तर 'काही नाही' असे आले, म्हणजे मगच म्हणा, "आजी, असं असं लिहिलंय."